नवोदय: ‘ग्रामीण’ म्हणजे नक्की कोण?

खडू_फळा
शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘झेडपीच्या गुरुजींनी जादा तास घेतले तर नवोदयच्या ८० च्या ८० जागा आपल्याच पोरांना मिळतील. रडगाणं बंद करा.’ नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, पाचवीत परीक्षा देऊन सहावीला प्रवेश. लिहिणाऱ्याने नियम तरी उघडून बघावेत. ७५ टक्के जागा ग्रामीण, मान्य. पण ग्रामीण कोण? ज्याने तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण हद्दीतल्या शाळेत काढली तो. शाळा झेडपीची की विनाअनुदानित, बापाची कमाई किती, हे कुणी विचारत नाही. गावच्या शिवारात, हायवेला लागून उभी राहिलेली इंग्रजी शाळाही ग्रामीण आणि तिच्या वसतिगृहात चालणारी नवोदयच्या तयारीची ॲकॅडमीही ग्रामीण. आठवीच्या एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीला कसं जमतं मग? साडेतीन लाखांची उत्पन्नमर्यादा आहे, आणि पोरगं सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेतलं लागतं. आठवीला चालतं ते पाचवीला का नको?

उलटतपासणी
कारण नवोदय ही शिष्यवृत्ती नाही, निवड आहे. पेपर बघा आधी. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यात ४० प्रश्न, ५० गुण बौद्धिक क्षमतेचे, सगळ्या आकृत्या. गणिताचे २०, भाषेचे २०. पेपर मराठीत मिळतो, चुकीला गुण कापत नाहीत. निम्मा पेपर असा की ज्याला ना इंग्रजी लागतं ना क्लास. आरशातली प्रतिमा शिकवायला आरसाच पुरतो. घडी-भोकाच्या प्रश्नाला रद्दीचा कागद: दोन घड्या घाला, भोक पाडा, उलगडायच्या आधी पोराकडून भोकांच्या जागा काढून घ्या, मग उलगडा. रोज दहा आकृत्या, बास.

आणि तो उत्पन्नाचा दाखला! तहसीलमध्ये कुणाला कितीचा मिळतो हे इथे कुणाला सांगायला नको. पगारदार तेवढा अडकेल, चार दुकानं असलेला सुटेल.

सरळरेषा
दोघांचंही चालू द्या, पण नगरपंचायतीबद्दल कुणी बोलणार आहे का? तालुक्याची गावं नगरपंचायती झाली आणि तिथल्या शाळा एका अधिसूचनेत शहरी झाल्या. शेतं तीच, पोरं तीच. त्यात आपल्याकडे कितीतरी झेडपी शाळा चौथीपर्यंतच, पाचवी हायस्कूलला जोडलेली. वाडीवरचं पोरगं जूनमध्ये तालुक्याच्या हायस्कूलला गेलं की संपलं. तिसरी ते पाचवीत एक दिवस जरी शहरी शाळेत काढला तरी उमेदवार शहरी! उरलेल्या २५ टक्क्यांत त्याला शहरातल्या पोरांशी भिडायचं, आणि तिथेही ग्रामीण पोरं गुणवत्तेवर येतातच.

खडू_फळा
विषय ॲकॅडमीचा आहे, नगरपंचायतीचा वेगळा धागा काढा.

सरळरेषा
वेगळा कशाला? ॲकॅडमीवाला जागा बघतानाच ग्रामपंचायतीची हद्द बघतो. वाडीवरच्या आईबापाला ही हद्द फॉर्म भरताना कळते, तीसुद्धा हेडमास्तरने दाखल्यावर ‘शहरी’ लिहिल्यावर. तुम्हाला फक्त इंग्रजी शाळा डोळ्यांत खुपतात.

पाटी_पुसणी
सरळरेषा ताईंचं बरोबर आहे, आणि फॉर्मचा घोळ तिथेच होतो. पाचवीला शाळा बदललेली, तिसरी-चौथीची नोंद जुन्या शाळेत, दाखला नव्या हेडमास्तरचा. त्याने जुनी शाळा न विचारता अंदाजाने क्षेत्र टाकलं की निवडीनंतर कागदपत्रं तपासताना पोरगं बाद होतं. पुन्हा बसायची सोय नाही, परीक्षा एकदाच. म्हणून बोनाफाइड दाखल्यावर जुन्या शाळेचं नाव, यू-डायस (शाळेचा सरकारी ओळख) क्रमांक आणि इयत्ता हे सगळं आधीच लिहून घ्यावं.

उलटतपासणी
हद्दीचं मान्य, नियम आचरट आहे. शाळेऐवजी राहण्याचं गाव धरा, माझी हरकत नाही. पण खडूसाहेब, तुमची ‘फक्त झेडपी’ची अट आली की दुसऱ्या दिवशी काय होईल? नाव झेडपीच्या पटावर, पोरगं ॲकॅडमीच्या बाकावर. पट टिकवायची धडपड करणारी शाळा असा प्रवेश नाकारेल?

खडू_फळा
नाही नाकारणार. घ्या, हे एक तुम्हाला दिलं. पण म्हणून आज जे चाललंय ते न्याय्य होत नाही. तुमचा आरसा आणि रद्दी दोन शिक्षक, चार वर्ग आणि बीएलओच्या (मतदार नोंदणीच्या) याद्या असलेल्या शाळेत कधी काढायची? आहार वाटपाच्या आधी की नंतर? शिवाय राज्याच्या स्कॉलरशिप परीक्षेची तयारी इथे जशीच्या तशी चालत नाही. तिथे बुद्धिमत्तेत संख्यामालिका, अक्षरमाला, कूटप्रश्न येतात. इथे निव्वळ आकृत्या. एकाच पोराची दोनदा तयारी.

पाटी_पुसणी
तयारीपेक्षा उत्तरपत्रिका मारते. ॲकॅडमीचं पोर ओएमआर, म्हणजे गोळे काळे करायची उत्तरपत्रिका, पन्नासदा भरून आलेलं असतं, झेडपीचं पोर पहिल्यांदाच बघतं. एक प्रश्न सोडला, गोळा मात्र सोडला नाही, की पुढची सगळी उत्तरं एक घर वर सरकतात. लक्षात येईपर्यंत पेनने काळे केलेले गोळे पुसता येत नाहीत. ओएमआरच्या झेरॉक्स काढा, दर पाच प्रश्नांनी पुस्तिकेतला आणि पत्रिकेतला क्रमांक मोठ्याने म्हणायला लावा, परीक्षेत मनात म्हणतील.

उलटतपासणी
बघा, झेरॉक्सवर आलो. म्हणजे जादा तास घ्यावेच लागणार. मेसेजवाला वेगळं काय म्हणत होता?

सरळरेषा
तो ८० च्या ८० म्हणत होता. आमच्या तालुक्याच्या शाळेत हेडमास्तरने हजार झेरॉक्स काढल्या तरी वाडीवरचं पोर शहरीच राहतं.