रास्पबेरी पाय ४ वर डीएमए झोन बंद ठेवल्यास कॅमेऱ्याचा बफर का मिळत नाही?

प्रश्न (वरुड तालुका):
संत्र्यांच्या प्रतवारीसाठी मी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर लिहिला आहे. १ जीबी मेमरीच्या जुन्या बोर्डावर तो नीट चालत होता. ८ जीबीच्या पाय ४ (छोटा एका बोर्डाचा संगणक) वर मात्र केमॅलॉकने (कर्नलकडे मेमरी मागणारे फंक्शन) घेतलेला ४ एमबीचा बफर डीएमएसाठी (प्रोसेसरला मध्ये न घेता उपकरणाने थेट मेमरी वापरण्यासाठी) मॅप होत नाही; क्वचित होतोही. डीएमए झोन (अशा वापरासाठी वेगळा ठेवलेला मेमरीचा खालचा भाग) संगणकात बसवायच्या जुन्या आयएसए कार्डांपुरता असतो असे वाचल्यामुळे लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) बांधताना तो पर्याय मी बंद केला होता. मृग बहाराची तोडणी तोंडावर असल्याने मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १:
भाऊ, आपण वाचलेले एक्स८६ ला (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या संगणकांना) लागू आहे. तिथे आयएसएच्या २४ बिटांच्या पत्त्यामुळे हा झोन १६ एमबीचा असतो. पाय ४ च्या चिपमधील बरीचशी उपकरणे केवळ पहिल्या १ जीबीपर्यंत पोहोचतात, म्हणून लिनक्सच्या ५.५ आवृत्तीपासून ६४ बिटांच्या आर्म प्रोसेसरवर (पाय ४ चा याच प्रकारचा) १ जीबीचा डीएमए झोन आणि ४ जीबीपर्यंतचा डीएमए३२ झोन असे दोन्ही ठेवता येतात. जुन्या बोर्डावर सगळीच मेमरी त्या मर्यादेत होती. आता बफर १ जीबीच्या वर पडला की मॅपिंग फसते, आणि योगायोगाने खाली पडला की साधते. कर्नलच्या जुळणीत झोनचा पर्याय ‘एक्स्पर्ट’ हा पर्याय चालू असतानाच दिसतो. तो पुन्हा चालू करा.

उत्तर २:
एवढ्याने भागणार नाही. केमॅलॉकला झोनची सूचना दिली नाही, तर बफर वरच पडत राहील, आणि मधली प्रत करून देणारी एसडब्ल्यूआयओटीएलबी एका मॅपिंगला २५६ केबीहून अधिक जागा देत नाही. ड्रायव्हरमध्ये उपकरणाचा डीएमए मास्क (ते कोणत्या पत्त्यापर्यंत पोहोचते) खरा सांगा आणि बफर डीएमए_अलॉक_कोहेरंटने (डीएमएसाठी मेमरी देणाऱ्या फंक्शनने) मागा. झोन कर्नलच निवडेल. १९२० × १०८० च्या चित्राला पिक्सेलमागे २ बाइट धरल्यास ४१,४७,२०० बाइट लागतात, म्हणजे ४ एमबीचा अखंड तुकडा जवळपास पूर्ण जातो. यंत्र तासन्‌तास चालले की असे तुकडे संपतात (/प्रॉक/बडीइन्फोमध्ये शेवटचा, म्हणजे सर्वांत मोठ्या रिकाम्या तुकड्यांचा रकाना पाहावा), यासाठी बूटच्या ओळीत सीएमए=१२८एम (अखंड तुकड्यांसाठी १२८ एमबी राखीव) द्या. झोन चालू असल्यास ती राखीव जागा त्याच मर्यादेखाली घेतली जाते.

प्रश्नकर्ता:
दोन्ही उत्तरांतले बदल केले. चारही बफर पहिल्या प्रयत्नात मिळाले, आणि काल सकाळपासून रात्री वीज जाईपर्यंत एकही चित्र गळाले नाही. आपले मनःपूर्वक आभार.