मदत हवी आहे: जुन्या शिडाच्या बोटीच्या बंदिस्त हॅचमधून (डेकवरच्या झाकणाच्या झरोक्यातून) उजेड कसा आणावा?

१९७० च्या दशकातली कॅटलिना २७ मॉडेलची बोट, मुक्काम सॅन फ्रान्सिस्को खाडी. पुढच्या डेकवरच्या हॅचचं झाकण अख्खं फायबरग्लासचं, त्यामुळे भर दुपारी पुढच्या केबिनमध्ये दिवा लागतो. मधला ४०० × ४०० मिमी भाग कापून त्यावर ४६० × ४६० चा पारदर्शक तक्ता बसवायचा विचार आहे. ॲक्रिलिक घ्यावं की पॉलिकार्बोनेट? स्क्रू मारावेत की नुसतं चिकटवावं? की ॲल्युमिनियम चौकटीचं तयार हॅचच घ्यावं?

नांगरगडी:
तयार हॅचच्या चौकटीला सपाट बैठक लागते आणि डेकला बाक असतो. बैठक बांधण्यातच निम्मं काम जातं. झाकण कापा.

१२ मिमी कास्ट ॲक्रिलिक घ्या. पॉलिकार्बोनेट फुटत नाही हे खरं, पण पाय पडला की जास्त वाकतं, त्याने सील सुटतं. शिवाय ओरखडेही लवकर पडतात. काळसर छटा घेतलीत तर उजेडासाठी केलेल्या खटाटोपाला अर्थ काय? आतलं दिसू नये असं वाटत असेल तर दुधी तक्ता बघा.

कापताना चारही कोपऱ्यांत आधी होल-सॉने (गोल भोक पाडणारी करवत) भोकं पाडा, मग मधल्या सरळ रेषा जिगसॉने (बारीक पात्याची विजेची करवत) कापा. काटकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो. कडेला फायबरग्लासच्या थरांमधला बाल्सा (हलकं लाकूड) किंवा प्लायचा गाभा उघडा पडला तर तो १० मिमी आत कोरून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा. नाहीतर पाणी तिथूनच मुरतं.

गोडबोट:
स्क्रू नकोतच. ४६० मिमी ॲक्रिलिक ४० अंशांच्या फरकात सुमारे १.३ मिमी लांबतं-आखडतं. स्क्रूने जखडलं की भोकाभोवती चिरा आल्याच.

डाउसिल ७९५ सारखं स्ट्रक्चरल सिलिकॉन वापरा. ३ एम ५२०० किंवा पॉलिसल्फाइड ही बोटींवरची इतर सीलंट ॲक्रिलिकवर नकोत. कोपऱ्यांवर ३ मिमीचे स्पेसर (फट राखणारे तुकडे) ठेवा, तक्ता अलगद टेकवा. क्लॅम्प आवळून सिलिकॉन बाहेर काढलंत तर ताण सोसायला काही उरतच नाही. बहुतेक गळत्या इथेच जन्मतात. पूर्ण सुकायला एक-दोन आठवडे द्या.

ॲक्रिलिकला ॲसिटोन लावू नका, बारीक चिरांचं जाळं पडतं.

प्रश्नकर्ता:
झाकणाला मध्ये ४ मिमी फुगवटा आहे. तक्ता दाबून बसवला तर?

नांगरगडी:
दाबू नका, कायमच्या ताणाने तडकेल. तक्त्याच्या खालच्या बाजूला पॅकिंगची चिकटपट्टी लावा, झाकणाच्या कडेच्या पट्टीवर घट्ट इपॉक्सी थापा, तक्ता नुसता वर ठेवा. सुकल्यावर उचला, सपाट बैठक तयार. मग ती बैठक ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून सिलिकॉन.

गोडबोट:
एक राहिलं. तो तक्ता जवळजवळ ३ किलोचा होतो. कापलेला तुकडा बराच हलका असतो, म्हणून बिजागऱ्यांचे बोल्ट आणि झाकण उघडं धरणारा दांडा आधीच तपासा.