ड्रेस्डेन: जुनं शहर की जुन्यासारखं शहर?

पायपीट
नुकतंच जर्मनीतलं ड्रेस्डेन पाहून आलो. फ्राउएनकिर्शे चर्चसमोर लोक ‘किती जुनं!’ म्हणत फोटो काढत होते. हे चर्च पुन्हा उभं राहिलं २००५ साली! फेब्रुवारी १९४५मध्ये ब्रिटिश-अमेरिकन विमानांनी शहर जाळलं, सुमारे २५ हजार माणसं गेली आणि १५ तारखेला हा घुमट कोसळला. पूर्व जर्मनीच्या काळात तो ढिगारा युद्धाची आठवण म्हणून तसाच ठेवला होता. तो तसाच राहायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म चर्चचा युद्धात मोडलेला, तसाच ठेवलेला मनोरा पाहून पोटात गोळा येतो. ड्रेस्डेनमध्ये मात्र काही झालंच नाही असं वाटतं.

चुनावीट
काही झालंच नाही? भिंत जवळून पाहिलीत का? फिकट दगडांत मधूनच काळे दगड दिसतात. ते त्याच ढिगाऱ्यातले. एकेक मोजून, नोंदवून, मूळ जागा शोधून परत बसवलेले. तिथला वालुकाश्म वर्षानुवर्षांनी काळवंडतो, म्हणून जुना-नवा फरक आज उघड दिसतो. सुमारे १८ कोटी युरो खर्च झाला, त्यातले १० कोटींहून अधिक देणग्यांचे. घुमटावरचा क्रूस लंडनच्या ज्या कारागिराने घडवला, त्याचे वडील त्या बॉम्बहल्ल्यात वैमानिक होते. ढिगाऱ्यात सापडलेला जुना, वाकलेला क्रूस आत ठेवलाय. आठवण जपणं आणखी वेगळं काय असतं?

ओसरी
दोघेही १९४५पासून सुरुवात करताय. वास्तुविशारद गॉटफ्रीड झेम्परने बांधलेलं तिथलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) नाझींनी नोव्हेंबर १९३८मध्येच जाळलं. २००१मध्ये त्या परिसरात नवं उभारलं, पण जुन्याची नक्कल केली नाही. खिडक्या नसलेला, थर थोडे थोडे वळवत नेलेला दगडी ठोकळा आहे तो. जुन्या इमारतीवरचा एक तारा अग्निशमन दलाच्या माणसाने वाचवला, तो तिथे लावलाय. मला हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. जे गेलं ते गेलं, हे इमारतच सांगते.

चुनावीट
@ओसरी, सिनेगॉगचा मुद्दा मान्य. पण गावकऱ्यांनाच चर्च परत हवं असेल तर? १९९०मध्ये मदतीची हाक ड्रेस्डेनकरांनीच जगाला दिली होती. आपण दोन दिवस फिरायला जाणार आणि त्यांनी ढिगाऱ्याशेजारी जन्म काढायचा?

पायपीट
चर्चपुरतं ते एक वेळ चालेल. पण समोरच्या नॉयमार्क्ट चौकाचं काय? समोरून जुन्या बरोक शैलीच्या भिंतींचे मुखवटे आणि मागे नवंकोरं काँक्रीट, त्यात हॉटेलं आणि दुकानं. चर्चच्या भिंतीत काळे दगड तरी आहेत. त्या हॉटेलांच्या भिंतींत काय आहे?