एकच लॅन कार्ड, यादीत दुसरं आलं कुठून?

सिडकोकर:
वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट (नेटवर्कची वायर लावायची खाच) गेला. एम. जी. रोडवरून कार्ड आणून बसवलं. परवा धूळ झटकताना तेच कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये लावलं. तेव्हापासून विंडोज १० त्याला ‘इथरनेट ३’ म्हणतं आणि कार्डाच्या नावापुढे ‘#२’ लावतं. प्रिंटर शेअर करायला १९२.१६८.१.५० हा पत्ता टाकला, तर म्हणे तो दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरला, म्हणजे नेटवर्क कार्डाला, दिलाय. अहो, दुसरं आहेच कुठे? फॉरमॅट सुचवू नका, नातीचे फोटो आहेत.

पंचवटीवाला:
काका, फॉरमॅट कशाला! स्लॉट बदलला की विंडोजच्या लेखी बरीचशी कार्डं नवीच. जुन्याची नोंद पत्त्यासकट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, पडून राहते. डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘व्ह्यू’मध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’. नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्सखाली फिकट दिसेल ते अनइन्स्टॉल करा. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) डिलीट करायच्या चौकोनात मात्र टिक नको, चालू कार्डही तोच वापरतंय.

गोदाकाठ:
आणि ‘वॅन मिनिपोर्ट’ नावाची पिलावळ दिसेल, तिला हात लावू नका. ती विंडोजचीच. मी एकदा उत्साहात उडवली होती, व्हीपीएन (नेटवरची खासगी जोडणी) बंद पडलं.

सिडकोकर:
फिकट दोन निघाली! एक जुन्या स्लॉटचं, दुसरा तो जळका पोर्ट. मेला तरी यादीत नाव. दोन्ही काढली, रीस्टार्ट केलं, पत्ता मुकाट घेतला. ‘इथरनेट ३’ तसंच आहे, राहू दे. पंचवटीवाले, चहा लागू.