मदत हवी आहे: पहिला एअरब्रश आणि कॉम्प्रेसर कुठला घ्यावा? (स्केल मॉडेल, गोव्याची दमट हवा)

नमस्कार मंडळी. मी वास्कोला राहते, प्लॅस्टिकची विमानांची मॉडेलं बनवते, बहुतेक सगळी १:७२ (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाची), आणि आतापर्यंत रंगकाम हाताच्या ब्रशनेच केलंय. आता एअरब्रश घ्यायचं नक्की केलंय पण वाचून वाचून डोकं भणभणायला लागलंय, कारण एअरब्रशबद्दल शंभर जणांची शंभर मतं सापडतात आणि हवेबद्दल, म्हणजे कॉम्प्रेसरबद्दल, कोणी धड बोलत नाही. आणि मला मनापासून वाटतं की आपल्याकडे खरा प्रश्न तोच आहे. जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे त्या हवेने रंग मारायचा म्हणजे काय काय होईल?

आधी काय बनवायचंय ते सांगते, म्हणजे सल्ला द्यायला बरं पडेल. नौदलाचं सी हॅरिअर, आयएनएएस ३०० ह्या नौदलाच्या विमान तुकडीचं, म्हणजे व्हाइट टायगर्सचं. ही विमानं इथेच दाबोळीला आयएनएस हंसावर होती, २०१६ ला निवृत्त झाली आणि त्यांची जागा मिग-२९के ने घेतली. वास्कोत वाढलेल्या कुणालाही विचारा, तो आवाज विसरता येत नाही, वर्गात बाईंना शिकवणं थांबवावं लागायचं. बोगमाळोच्या रस्त्यावरच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये एक उभं आहे, त्याचे जवळून खूप फोटो काढून ठेवलेत. किट एअरफिक्सचं आहे, पूर्ण झालं की साधारण २० सेंटिमीटर लांब होईल. एवढ्याशा अंगावर सलग करडा रंग ब्रशने दिला की तिरक्या उजेडात पट्टे दिसतात, आणि पॅनलच्या बारीक रेषा रंगाने बुजून जातात ते वेगळंच. ह्यानंतर सी हॉक आणि अलीझे करायचंय, दोन्ही त्याच म्युझियममध्ये बघून बघून डोक्यात बसलेली. त्यामुळे हे एका मॉडेलपुरतं नाही, वस्तू टिकायला हवी.

एअरब्रशचं मला इतकं कळलंय की सिंगल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगर दाबला की ठरलेला रंग येतो, आणि डबल अ‍ॅक्शनमध्ये खाली दाबलं की हवा आणि मागे ओढलं की रंग, किती ओढलं त्यावर किती रंग ते ठरतं. सगळे म्हणतात डबलच घे. मग नॉझल (रंग बाहेर पडायचं बारीक तोंड) ०.२ की ०.३ की ०.५ मिमी? आणि ते स्वस्तातले १३० नंबरचे चायनीज येतात ते शिकायला चालतील का की एकदाच इवाता निओ किंवा जीएसआय क्रिओसचा प्रोकॉन बॉय घेऊन मोकळं व्हावं?

हवेचं म्हणाल तर माझ्यापुढे बरेच रस्ते आहेत आणि म्हणूनच गोंधळ आहे. एक म्हणजे तळहाताएवढे बिनटाकीचे कॉम्प्रेसर, स्वस्त आहेत, जागा खात नाहीत. दुसरे ३ लिटरची टाकी असलेले एएस-१८६ टाइपचे. तिसरं, माझ्या मामांची माशेलला गणपतीची चित्रशाळा आहे, त्यांच्याकडे २५ लिटरचा मोठा कॉम्प्रेसर आहे जो चवथ झाली की नुसता पडून असतो, फक्त दिवाळीच्या आधी वाड्यावरची पोरं नरकासुर रंगवायला मागून नेतात. मामा म्हणाले घेऊन जा. पण मी तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहते, मला वेळ मिळतो तो रात्री जेवणं झाल्यावर, आणि त्याचा आवाज म्हणजे अख्खी बिल्डिंग जागी होईल. आणि चौथं, आमच्या खालच्या फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्या काकांनी सुचवलं की जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून बनवून देतो, अजिबात आवाज येत नाही.

बजेट दोन्ही मिळून १५ हजारांच्या आसपास, फार तर थोडं वर. ह्यातलं जास्त कशावर घालू, एअरब्रशवर की कॉम्प्रेसरवर? गोव्यातल्या किंवा कोकणातल्या कोणी वापरलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, पुण्या-बंगळुरूच्या कोरड्या हवेतले अनुभव मला किती लागू पडतील सांगता येत नाही.

प्रतिसाद: डबल अ‍ॅक्शन, ग्रॅव्हिटी फीड, ०.३

ताई जास्त विचार करू नका. वर कप असलेला, म्हणजे ग्रॅव्हिटी फीड, डबल अ‍ॅक्शन, ०.३ मिमी. १:७२ च्या विमानाला हेच. ०.२ ने बारीक रेघ येते खरी पण रंग जरा जाड राहिला की तुंबतो, सुरुवातीला त्याने वैताग येतो. ०.५ प्राइमर आणि वॉर्निशला छान, लहान विमानाला ढोबळ. चायनीज १३० शिकायला चालतो, फक्त त्याचं नॉझल हे बारीक आट्याचं असतं, धुताना जोर लावून पिळलं की आटे तुटून आत अडकतं, त्यामुळे बरोबर एक जादा नॉझल आणि सुई घेऊनच ठेवा. हार्डर अँड स्टीनबेकची नॉझलं नुसती बसवायची असतात, पाना लागत नाही, पण ते तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल.

प्रतिसाद: पैसे टाकीवर घाला

मी रत्नागिरीचा, हवा तुमच्यासारखीच, म्हणून जरा लांबण लावतो.

पाणी येतं कुठून ते एकदा समजून घेतलं की कॉम्प्रेसर निवडणं सोपं होतं. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. पावसाळ्यात आपल्याकडे त्यातली ८५ टक्के जागा आधीच भरलेली, म्हणजे २५-२६ ग्रॅम. ही हवा कॉम्प्रेसरने ४ बारला (म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी चौपट, एकूण पाचपट) दाबली की तिचा आकार पाचवा हिस्सा होतो, आणि वाफ किती मावणार हे जागेवर ठरतं, त्यामुळे ती गार झाली की ६ ग्रॅम आत राहणार आणि २० ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडणार. छोटा कॉम्प्रेसर मिनिटाला २० लिटर हवा ओढतो असं धरलं तर पाऊण तास-पन्नास मिनिटं चालला की चार चहाचे चमचे पाणी. हे पाणी कुठेतरी जाणारच, प्रश्न एवढाच की टाकीत जाणार की तुमच्या हॅरिअरच्या पंखावर.

आता बिनटाकीच्या कॉम्प्रेसरमध्ये हवा गरम गरम थेट पाइपात शिरते, मॉइश्चर ट्रॅपमधून (हवेतलं पाणी अडवणारा छोटा डबा) जाते तेव्हा ती अजून गरम असते म्हणून ट्रॅपला काही सापडत नाही, आणि पुढे पाइपात गार होऊन पाणी तिथेच जमतं. मग रंग मारता मारता एकदम शिंतोडा. टाकी असली की हवेला थांबून गार व्हायला वेळ मिळतो, पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि खालच्या नळीतून काढून टाकता येतं. शिवाय बिनटाकीत पंपाच्या ठोक्याबरोबर हवा धडधडत येते, बारीक काम करताना ते हाताला कळतं.

म्हणून माझं मत, एअरब्रश साधा घ्या पण कॉम्प्रेसर टाकीचा, दाब कमी-जास्त करायचा रेग्युलेटर आणि दाब दाखवणारा गेज असलेला. एएस-१८६ टाइपचा बास झाला, तो ३ बारला चालू होतो आणि ४ बारला आपोआप बंद होतो, त्यामुळे रात्री सतत घरघर नसते, आणि खाली जाड रबर किंवा जुनी पायपुसणी घाला, खालच्यांना कंप जाणवणार नाही. २२०-२४० व्होल्टचाच आहे ना ते बघून घ्या, बाहेरून मागवताना ११० वाला येऊ शकतो. पाइप लांब घ्या, ३ मीटर, आणि एअरब्रशच्या मुठीशी लागतो तो दुसरा छोटा ट्रॅप लावा. आणि काम झालं की टाकीचं पाणी रोज काढा, उद्या काढू असं करू नका, आपल्याकडे आतून गंज लवकर लागतो.

धागाकर्ती:

वा, पाण्याचा हिशोब असा कोणीच सांगितला नव्हता, आता कळलं सगळे मॉइश्चर ट्रॅप ट्रॅप करतात तरी लोकांचं पाणी का येतं ते. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचं काय वाटतं? काका खरंच हुशार आहेत आणि आवाज नाही हे मला फार मोहात पाडतंय.

प्रतिसाद: फ्रिजचा नको

आवाज नाही हे खरंय. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर तेलात बुडालेला असतो आणि बंद चक्रात फिरायला बनवलेला, तिथे बाहेर गेलेलं तेल फिरून परत आत येतं. उघड्या हवेवर चालवला की थोडं थोडं तेल हवेबरोबर बाहेर जात राहतं, त्याला वेगळा ऑइल फिल्टर लागतो, तेल अधूनमधून भरावं लागतं, आणि रंगाखाली तेलाचा एक बारीक कण जरी गेला तरी तिथे माशाच्या डोळ्यासारखा खड्डा पडतो. त्याहून मोठी काळजी टाकीची. घरगुती जुगाडात जुना सिलिंडर किंवा आग विझवायचं नळकांडं टाकी म्हणून लावतात, त्याला प्रेशर स्विच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नीट नसेल तर घरात ठेवायची वस्तू नाही ती. काका बनवतीलही चांगला, पण पहिलाच एअरब्रश शिकताना बिघाड हाताचा की रंगाचा की हवेचा हे ओळखणं कठीण असतं, त्यात आणखी एक भर कशाला.

प्रतिसाद: मामांचा कॉम्प्रेसर सोडू नका

आमची पण चित्रशाळा आहे, डिचोलीला, म्हणून राहवलं नाही. वरच्या रत्नागिरीच्या बाबांनी सांगितलं ते बरोबर पण मोठ्या कॉम्प्रेसरला एकदम बाद करू नका. २५ लिटरची टाकी ८ बारला भरली आणि २ बारपर्यंत वापरली तर दीडशे लिटर हवा मिळते, तुमचा एअरब्रश मिनिटाला १०-१५ लिटर खातो, म्हणजे सलग दाबून धरला तरी दहा मिनिटं, आणि मॉडेलला कोण सलग दाबून धरतं, दोन सेकंद मारायचं, थांबायचं, बघायचं. संध्याकाळी सात वाजता टाकी भरून ठेवा, शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या आवाजात कोणाला कळणार पण नाही, आणि रात्री स्विच बंद ठेवून आरामात काम करा. मशीन अजिबात न चालता एक थर निघतो.

फक्त दोन गोष्टी. त्याच्यावरचा रेग्युलेटर स्प्रे गनसाठी असतो, १५ आणि २० पीएसआयमधला (हेही दाबाचंच माप, १५ पीएसआय म्हणजे साधारण १ बार) फरक त्याच्या गेजवर दिसत नाही, म्हणून पुढे एक छोटा रेग्युलेटर वेगळा लावा. आणि टाकी आधी रिकामी करून खालचा बोल्ट काढून बघा, आमच्याकडे हंगामात मातीची धूळ आणि पाणी मिळून आत गाळ साचतो. मामांचा तेलवाला असेल तर फिल्टर पण लावा.

आम्ही मूर्तीला अंगकांती आणि शेडिंग एअरब्रशने करतो, डोळ्यांची आखणी मात्र अजून हातानेच. तुम्हाला हात बसवायचा असेल तर ऑगस्टमध्ये एक रविवार मामांकडे जाऊन बसा, नुसतं मनगट बघत राहिलात तरी खूप शिकाल. आधी हवा चालू, मग रंग, थांबताना आधी रंग बंद, मग हवा, आणि हात थांबवून कधीच मारायचं नाही, हात चालत असतानाच रंग सोडायचा आणि चालत असतानाच बंद करायचा.

प्रतिसाद: रंग आणि मास्क

कोणी लिहिलं नाही म्हणून. पावसाळ्यात लॅकर रंग (उग्र थिनरमध्ये पातळ करायचे, झटपट सुकणारे) मारू नका, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढरट झाक येते. ग्लॉस वॉर्निशला तर हमखास. मारायचाच असेल तर हळू सुकणारा लेव्हलिंग थिनर वापरा आणि पाऊस उघडलेला दिवस बघा. सुरुवात अ‍ॅक्रिलिकने करा, वायेहो मॉडेल एअर बाटलीतून जवळजवळ तसाच चालतो. तामियाचे अ‍ॅक्रिलिक मात्र पातळ करावे लागतात, त्यांच्याच एक्स-२०ए थिनरने. १५ ते २० पीएसआयवर सुरू करा, आणि प्रेशर लावताना ट्रिगर दाबून हवा सुटत असताना गेज बघा, बंद असताना तो जास्तच दाखवतो.

आणि एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ नाही. लॅकरला कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो, वास येत नाही म्हणजे ठीक आहे असं समजू नका. खिडकीत बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा लावला तर अ‍ॅक्रिलिकला पुरतो.

धागाकर्ती:

सगळ्यांना देव बरे करू, खरंच, एवढं कोण कोणासाठी लिहितं. ठरवलं असं की ह्या चवथीनंतर मामांचा कॉम्प्रेसर आणते, दिवाळीपर्यंत त्यावर हात बसवते, नरकासुरवाल्या पोरांना वेळेत परत देते, आणि मग पैसे साठवून टाकीवाला छोटा घेते. एअरब्रश आत्ताच घेते, १३० नको, इवाता निओच, कारण कॉम्प्रेसरचे पैसे आत्ता वाचतायत. रेग्युलेटर आणि ट्रॅप पण. शेवटचं एक विचारते, मामांच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोठं आहे, एअरब्रशचा पाइप त्याला कसा बसणार?

प्रतिसाद: जोडणी

कॉम्प्रेसरला बहुतेक पाव इंची आटे असतात, इवाताला १/८ इंच बीएसपी (आट्यांचं एक ठरलेलं माप). पाव ते १/८ चा पितळी अ‍ॅडाप्टर मागवा, एअरब्रशच्या पाइपांची एक बाजू १/८ आणि दुसरी पाव असलेले तयार पण मिळतात. मामांच्या कॉम्प्रेसरला झटपट जोडणीचा कपलर असेल तर त्याचं पाव इंची नर टोक हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे फक्त आट्यांवर, एअरब्रशच्या बाजूला टेप नको, तिथे आतली रबरी रिंगच पुरते. जोडून झालं की साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडा आला तर अजून थोडं आवळा.