विषय: युरोपच्या सहलीला जाताना नेहमीचे सिम काढण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

शनिवारच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे प्रत्येकाने प्रवासाचे ई-सिम (वेगळे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचे सिम) निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवरच बसवून घ्यायचे आहे. ते बसवायला इंटरनेट लागते, आणि परक्या विमानतळावर उतरल्यावर नेमके तेच हाताशी नसते. गेल्या वेळी आपल्यातल्या दोघींनी क्यूआर कोडची ईमेल त्याच फोनवर उघडली होती. ज्या पडद्यावर कोड दिसतो आहे तो त्याच फोनच्या कॅमेऱ्याने टिपायचा कसा, या विवंचनेत सामानाच्या पट्ट्याजवळ पाऊण तास गेला. कोड कागदावर छापून आणावा. तो बहुधा एकदाच चालतो, म्हणून बसवलेले ई-सिम चुकूनही पुसू नये. नेहमीचे सिम काढून पाकिटात जपून ठेवावे, म्हणजे रोमिंगच्या, म्हणजे परक्या नेटवर्कवर आपले सिम वापरल्याच्या, बिलाची धास्ती राहणार नाही.

— सचिव, सहल समितीतर्फे

---

सचिवताई,

बाकी सर्व सूचना मान्य, पण शेवटची कृपया मागे घ्यावी. प्रवासाचे ई-सिम बहुतेक वेळा फक्त डेटाचे असते. त्याला नंबरच नसतो. बँकेचा ओटीपी मात्र आपल्या नेहमीच्या नंबरावरच येतो. गेल्या सहलीत ह्यांचे कार्ड हॉटेलच्या काउंटरवर अडले, बँकेने ओटीपी पाठवला आणि ज्या सिमवर तो यायचा ते पाकिटात होते. बसमध्ये जाऊन ते परत घालायला मी ट्रे उघडला, तर सिम निसटून सीटखालच्या खाचेत गेले. नॅनो सिम जेमतेम १२.३ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद असते; चालकाने टॉर्च धरला तेव्हा कुठे ते सापडले. पुढे फोनने सिमचा पिन विचारला. तो तीनदा चुकला की सिम बंद होते आणि पीयूके क्रमांक (बंद पडलेले सिम उघडण्याचा, कंपनीकडून मिळणारा क्रमांक) मागते. आमचे दोनदा चुकले होते.

सिम जागेवर ठेवून फक्त त्याचे डेटा रोमिंग बंद करावे. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे लावत नाहीत. तरीही ज्याने त्याने आपल्या कंपनीला विचारून खात्री करावी.

— गेल्या सहलीची एक सभासद

---

वहिनी,

आपली अडचण खरी आहे, परंतु सहलीचा हिशेब मी पाहतो आणि बिलाच्या तक्रारी माझ्याकडेच येतात, म्हणून लिहितो. मागे एका सभासदाने डेटा रोमिंग बंद ठेवले होते, एकही फोन उचलला नव्हता, तरी बिल आले. कारण व्हॉइसमेल, म्हणजे न उचललेल्या कॉलचा निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवणारी सोय. परदेशात फोन वाजला आणि आपण उचलला नाही, तर तो कॉल रोमिंगने आपल्यापर्यंत आलेला असतो आणि तिथून उलट आपल्या कंपनीच्या व्हॉइसमेलकडे वळवला जातो. काही कंपन्या या दोन्ही फेऱ्यांचे पैसे लावतात. सिम फोनमध्ये नसेल, तर कॉल परदेशात येतच नाही. समितीने सिम काढण्याचे ठरवले ते विचार करूनच.

— खजिनदार

---

खजिनदारकाका,

त्यासाठी सिम काढण्याची गरज नाही. निघण्यापूर्वी, घरच्या नेटवर्कवर असतानाच, ##००२# डायल करावे. त्याने सर्व कॉल-वळवणी रद्द होते आणि न उचललेला कॉल नुसता वाजून थांबतो. परतल्यावर व्हॉइसमेल पुन्हा सुरू करून घेता येतो.

खरी गळती दुसरीकडेच होते. दोन सिमच्या आयफोनमध्ये ‘अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग’ नावाचे एक बटण असते. ते चालू राहिले, तर एका सिमची रेंज गेली की फोन दुसऱ्या सिमचा डेटा वापरू शकतो. ते बंद करावे. डेटासाठी ई-सिम निवडावे, त्याचे डेटा रोमिंग चालू ठेवावे आणि नेहमीच्या सिमचे बंद ठेवावे. ई-सिमचे रोमिंग चालू ठेवायला पुष्कळ जण घाबरतात आणि मग ‘नेट लागत नाही’ म्हणून फोन करतात. ते सिमच मुळात रोमिंगवर चालणारे असते.

— ई-सिमची खरेदी पाहणारा

---

युरोपात रोमिंग मोफत झाले आहे असे वाचल्याचे आठवते. मग ही सगळी खटपट कशासाठी?

— ज्येष्ठ सभासद

---

काका,

तो नियम १५ जून २०१७ पासून लागू आहे, पण तो मुळात युरोपीय संघातल्या आणि आइसलँड, नॉर्वे, लिख्टेनश्टाइन या देशांतल्या कंपन्यांच्या सिमपुरता. आपले सिम त्यात बसत नाही. शिवाय स्वित्झर्लंड त्या व्यवस्थेच्या बाहेर आहे. त्यामुळे ई-सिम घेताना ‘युरोप’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. देशांच्या यादीत स्वित्झर्लंड आहे का ते वाचावे. सीमेजवळ फोन पलीकडच्या देशाचा टॉवर पकडतो, म्हणून तिथे नेटवर्क हाताने निवडावे.

आपल्या सहलीतल्या जहाजप्रवासाबद्दल अजून कोणीच लिहिलेले नाही, आणि मला तीच सर्वांत मोठी काळजी वाटते. किनाऱ्याची रेंज संपली की जहाजाचे स्वतःचे उपग्रहावर चालणारे मोबाइल नेटवर्क सुरू होते. नेहमीचे सिम चालू असेल तर फोन आपण होऊन त्याला जोडला जाऊ शकतो, आणि त्याचे दर जमिनीवरच्या रोमिंगहून कितीतरी जास्त असतात. धक्का सोडताच विमान मोड लावावा आणि हवे असल्यास फक्त वाय-फाय चालू करावे. विमान मोडमध्ये ओटीपी येत नाही. म्हणून बँकेची कामे बंदरातच उरकावीत.

— मागच्या जलसफरीचा संयोजक

---

माझा फोन जुना आहे. त्यात ई-सिम बसेल का, हे कसे ओळखावे? आणि व्हॉट्सॲपचा नंबर बदलेल का? नातवंडांचे फोन त्यावरच येतात.

— ज्येष्ठ सभासद

---

काका,

*#०६# डायल करा. पडद्यावर आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी नावाचा लांब क्रमांक दिसला, तर ई-सिमची सोय आहे. मात्र फोन एखाद्या कंपनीकडे लॉक केलेला असल्यास दुसऱ्या कंपनीचे सिम चालणार नाही. तेवढे कंपनीला विचारा. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालू राहते, आपण तो बदलू नये. पण कधी त्यातून बाहेर पडलात, तर पडताळणीचा एसएमएस जुन्याच सिमवर येईल, हेही सिम न काढण्याचे एक कारण आहे.

— ई-सिमची खरेदी पाहणारा

---

सर्वांना नमस्कार,

वहिनींचे म्हणणे मला पटले आहे आणि खजिनदारकाकांनीही फोनवर संमती दिली आहे. सिम काढण्याची सूचना मागे घेत आहे. मात्र जहाजावर विमान मोड सर्वांना बंधनकारक राहील. ज्यांना हे बदल स्वतः करता येणार नाहीत त्यांनी गुरुवारी संध्याकाळी फोन पूर्ण चार्ज करून, छापलेला कोड आणि सिमचा पिन घेऊन यावे. काका, आपण ईआयडी कळवलात तर आपले ई-सिम मी त्याच दिवशी बसवून देईन.

— सचिव