भ्रामरी आणि चोंदलेलं नाक

भ्रामरीचा, म्हणजे तोंड मिटून गुणगुणत श्वास सोडण्याच्या प्राणायामाचा, फायदा म्हणजे निव्वळ मनाची समजूत, असं काहींचं मत असतं; ते मला अर्धंच पटतं. 'सगळे रोग पळतात' वगैरे थापाच आहेत, पण नाकापुरती गोष्ट वेगळी आहे. गालाच्या आणि कपाळाच्या हाडांतल्या पोकळ्यांमध्ये, म्हणजे सायनसमध्ये, नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होत असतो. स्वीडनच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी 2002 मध्ये मोजून दाखवलं, की गुणगुणत श्वास सोडला तर नाकातून बाहेर येणारा हा वायू शांतपणे सोडलेल्या श्वासाच्या सुमारे 15 पट असतो. आवाजाच्या कंपनाने पोकळीतली हवा बारीकशा छिद्रातून आत-बाहेर होते, म्हणजे सायनसला वारा लागतो म्हणा ना! मात्र ते छिद्रच सुजून बंद झालं असेल तर ही वाढ दिसत नाही.

हे मी स्वतः अनुभवलंय. सकाळी तंबोऱ्यावर खर्ज (खालचे सूर) लावताना तोंड मिटून मकार, म्हणजे 'म्'चा आवाज, धरते, तेव्हा नाकाच्या दांड्यावर बोट ठेवलं की मुंगीसारखी थरथर लागते. गेल्या पावसाळ्यात सर्दी तुंबली होती तेव्हा डाव्या बाजूला काहीच लागेना, नुसता घशातून घूं आवाज. आधी वाफ घेतली, नाक मोकळं झालं, मग थरथर परत आली. त्यामुळे नाक गच्च असताना जोर लावून भ्रामरी करत बसू नका, डोकंच दुखतं. आणि पू, ताप असेल तर सरळ कान-नाक-घसा डॉक्टर गाठा.